एकांत आणि एकांतवास

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकविले जाते. परंतु घरातील कोणी ‘मी आठ दिवस एकटाच हिंडून येतो’ असे म्हटले, की हे शिकविणारी वडीलधारी मंडळीच प्रथम दोन प्रश्न विचारतात : ‘कशाला?’ आणि ‘बरोबर कोण?’ या दोन प्रश्नांत आपल्या समाजाचे प्रवासाविषयीचे सारे नीतिशास्त्र आले. पहिल्या प्रश्नाचा अर्थ असा, की प्रवासास काही प्रयोजन हवे. दुसऱ्याचा असा, की सुख ही वाटून घ्यावयाची वस्तू आहे, एकट्याने भोगावयाची नव्हे. पंढरीस किंवा काशीस निघालेला मनुष्य या प्रश्नांची उत्तरे बरोबर घेऊनच निघतो. लग्नकार्यास, बाजारहाटास किंवा औषधोपचारास जाणाऱ्यासही कोणी अडवीत नाही. अडचण होते ती केवळ पाहण्याकरिता, केवळ स्वस्थ बसण्याकरिता, एकट्याने जाऊ इच्छिणाऱ्याची. त्याचे हे सुख निर्दोष मानावे की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न अधांतरी ठेवून सोडवू गेल्यास उत्तरही अधांतरीच राहते. यास्तव एक उदाहरण घेऊ. गेल्या हिवाळ्यात आम्ही जळगावहून निघून अंदमान बेटांवरील पोर्ट ब्लेअर या गावी एक आठवडा एकटेच राहिलो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने या गावाचे नाव श्री विजयपुरम् असे ठेविले आहे. जुने नाव मात्र अद्याप लोकांच्या तोंडी आहे. चेन्नई किंवा कोलकाता येथून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटरांवरचे हे गाव. देशाचे घड्याळ एकच असल्यामुळे तेथे सूर्य जळगावच्या मानाने तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो, आणि आपल्याकडे दुपारचा चहा आटोपतो तोच तेथे दिवेलागणीची वेळ होऊ लागते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या माणसास पाणी ही मोजूनमापून वापरावयाची वस्तू. चहूंकडे पाणीच पाणी पाहून त्याचे मन प्रथम चकित होते आणि मग हळूहळू सैल पडते. आम्ही कोणताही कार्यक्रम आखिला नव्हता. सकाळी अ‍ॅबर्डीन बाजारात चहा घ्यावा, चढउतारांच्या रस्त्यांनी पाय नेतील तिकडे जावे, चॅथम बेटावरील १८८३ पासूनची लाकूड कापण्याची गिरणी पाहावी, संध्याकाळी समुद्रकाठच्या बांधावर बसून अंधार पडताना पाहावे, एवढाच आमचा दिनक्रम. तिसऱ्या दिवसापासून चहावाला न विचारताच कमी साखरेचा पेला पुढे करू लागला. सावकाश राहण्याचा हा पहिला लाभ : मनुष्य गावाला थोडासा ओळखीचा होतो, आणि गाव त्याला.

येथवर सर्व गोड आहे. परंतु हे गाव कशाकरिता वसले, हे आठवताच या गोडीत मिठाचा खडा पडतो. १८५७ चा उठाव मोडल्यावर, मार्च १८५८ मध्ये, डॉक्टर वॉकर नामक अधिकारी २०० बंदिवान घेऊन येथे उतरला आणि काळ्या पाण्याची वसाहत सुरू झाली. आज ज्या रस्त्यांवरून प्रवासी मौजेने हिंडतो त्यांची मूळ आखणी बेड्या घातलेल्या माणसांच्या श्रमांतून झाली. पुढे १८९६ ते १९०६ या काळात तो प्रसिद्ध कोठडीतुरुंग बांधला गेला. मध्ये एक बुरूज, त्यापासून सात बाजूंस निघालेल्या सात तीनमजली इमारती, आणि एकीचे दर्शनी अंग दुसरीच्या पाठीस असे, की कोणत्याही बंदिवानास दुसऱ्याचे तोंड दिसू नये. कोठड्या सुमारे सातशे. प्रत्येक साडेतेरा फूट लांब व साडेसात फूट रुंद, आणि उंचावर एक झरोका. बाबाराव व विनायकराव हे दोघे सावरकर बंधू याच एका तुरुंगात होते. परंतु बराच काळ त्यांची एकमेकांशी भेट होऊ शकली नाही. १९३३ च्या उपोषणात तिघा राजबंद्यांचे प्राण गेले. १९३७ च्या उपोषणानंतर राजबंद्यांना परत आणण्यास प्रारंभ झाला. सातांपैकी तीन इमारती आज उभ्या आहेत, आणि १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

त्या कोठडीत आम्ही काही वेळ उभे राहिलो आणि एक शब्द मनातून जाईना. आम्ही घरून निघताना मित्रांस सांगितले होते, की ‘थोडा एकांत हवा आहे’. भिंतीआडच्या माणसांना जे मिळाले त्यालाही मराठीत ‘एकांतवास’ असेच म्हणतात. शब्द जवळजवळ एकच. मग वस्तू एक आहे काय? दोहोंत मनुष्य एकटाच असतो, दोहोंत त्याला बोलावयास कोणी नसते. फरक एवढाच, की एकात दाराची कडी आतून असते आणि दुसऱ्यात बाहेरून. परंतु हा ‘एवढाच’ फरक म्हणजे सर्वस्व होय. आम्हांस समुद्र सुंदर वाटतो, कारण परतीचे तिकीट खिशात आहे. ज्याच्या खिशात ते नव्हते त्याला हाच समुद्र तुरुंगाची सर्वांत मोठी भिंत वाटला असेल.

येथे आपल्या सुशिक्षित वर्गाच्या एका आवडत्या कल्पनेची तपासणी करणे भाग आहे. ‘तुरुंग ही थोरांची तपोभूमी असते’ असे आपण भाषणांतून नित्य ऐकतो, आणि त्यास पुरावा म्हणून आपल्या खान्देशातीलच गोष्ट सांगितली जाते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अठरा अध्यायांची अठरा प्रवचने झाली, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. ही उदाहरणे खरी आहेत आणि अभिमानाचीही आहेत. तथापि त्यांवरून काढले जाणारे अनुमान खरे नाही. धुळ्याच्या तुरुंगात बोलणारा होता, ऐकणारे होते, लिहिणारा होता आणि लिहावयास कागदही होता. म्हणजे तेथे बंधन होते, परंतु एकांतवास नव्हता. तो एक सत्संगच होता, फक्त त्याच्या दाराशी पहारेकरी होता. अंदमानात कोलू ओढून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून द्यावयाचे आणि रात्री कोठडीत पडावयाचे, अशा माणसाच्या हातून जे काही विचारधन निर्माण झाले ते तुरुंगामुळे नव्हे, तुरुंगास न जुमानता झाले. त्याचे श्रेय भिंतींना देणे म्हणजे माणसाचा अपमान करणे होय.

आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांचे काय? सातपुड्याच्या कुशीत खान्देश आणि निमाड यांच्या सीमेवर खाज्या नायक व भीमा नायक या भिल्ल पुढाऱ्यांनी १८५७-५८ साली इंग्रजांशी झुंज घेतली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. भीमा नायक पुढे पकडला गेला, काळ्या पाण्यावर पाठविला गेला, आणि १८७६ साली पोर्ट ब्लेअर येथेच वारला. त्या वेळी तो प्रसिद्ध तुरुंग बांधलाही गेला नव्हता. डोंगरात वाढलेल्या त्या माणसाने हा समुद्र पाहून काय म्हटले असेल, हे आम्हांस कोणत्याही ग्रंथात वाचावयास मिळावयाचे नाही, कारण लिहिण्याची कला त्याच्या लोकांच्या हाती कोणी दिलीच नव्हती. दुःखातून ग्रंथ निर्माण होतात असे आपण म्हणतो, तेव्हा ज्यांच्या दुःखातून ग्रंथ निर्माण झाले नाहीत त्या हजारोंना आपण न कळत हिशेबातून वगळीत असतो.

हीच चूक उलट बाजूनेही होते. आम्ही या विषयावर बोलत असता एका विचारी स्नेह्यांनी आक्षेप घेतला, की ‘बहिणाबाई कोठे आठ दिवस बेटावर जाऊन बसल्या होत्या? आसोद्याची लेक, जळगावची सून, सारा जन्म घर, शेत आणि जाते यांत गेला. तरी जे शहाणपण त्यांच्या ओव्यांत आहे ते तुम्हां प्रवाशांत कोणाला साधले?’ आक्षेप मार्मिक आहे. फुरसत हे शहाणपणाचे कारण नव्हे, हे तो निर्विवाद सिद्ध करतो. परंतु कष्ट हे शहाणपणाचे कारण आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत आली ती त्यांचा मुलगा कवी होता म्हणून. १९५१ साली त्या वारल्या, आणि पुस्तक निघाले ते १९५२ साली. त्याच काळी त्याच मुलखात किती बायका जात्यावर काय काय गाऊन गेल्या असतील, याची नोंद कोणी ठेविली? एका बहिणाबाईंकडे बोट दाखवून साऱ्या बायकांना फुरसतीची गरज नाही असे म्हणणे, आणि एका विनोबांकडे बोट दाखवून तुरुंगाला तपोभूमी म्हणणे, ही एकाच जातीची दोन अनुमाने आहेत. दोहोंत असामान्य मनुष्याच्या सामर्थ्याचे पुण्य त्याच्या अडचणीच्या पदरी टाकिले जाते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जेथे इतके दुःख साठले आहे तेथे सुखाने हिंडणे हा त्या दुःखाचा उपमर्द आहे काय? कोठडीतून बाहेर पडलेला प्रवासी अर्ध्या घटकेत नारळपाणी पितो, नौकाविहारास जातो, हसतो. हे पाहून आम्हांस प्रथम विषाद वाटला. परंतु आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील वृद्ध बाईंच्या बोलण्याने या विषादास निराळे वळण लागले. त्या बंदिवानांच्या वंशातील. चांगली वर्तणूक ठेविणाऱ्या बंदिवानांस काही वर्षांनी लग्न करून शेतीभातीवर राहण्याची मुभा मिळे. अशा जोडप्यांच्या संततीस तेथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. नवरा एका प्रांताचा, बायको दुसऱ्या. एक या जातीचा, एक त्या. कधी धर्मही निराळे. आणि सर्वांची भाषा मिळून हिंदुस्थानी झालेली. जे आमच्या सुधारकांस पुण्या-मुंबईत व्याख्याने देऊन साधले नाही ते तेथे दैवाच्या फटक्याने साधून गेले. बाईंच्या पणजोबांचे मूळ गाव कोणते, हे घरात कोणासच ठाऊक नाही. ‘दख्खनेकडून कोठून तरी आले’ एवढेच त्या सांगत. एके संध्याकाळी त्यांनी आम्हांस विचारिले, ‘तुमच्या मुलखात नेलेल्या माणसांची आठवण कोणी काढते का?’

या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देणे सोपे नव्हते. ज्यांची नावे पुस्तकांत आहेत त्यांची आठवण काढतात, असे आम्ही म्हणालो. बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग आमच्या म्हाताऱ्याची आम्हीच काढतो.’ त्यांची नातवंडे अंगणात गलका करीत होती. त्या गलक्यास कोणी स्मारकाचा उपमर्द म्हणेल काय? एखादी भूमी दुःखाची म्हणून कायमची राखून ठेवावयाची, तर तेथे राहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सुतकच पाळावे काय? आमच्या मते नाही. सुखाने दुःखाचा अपमान होत नाही. तो होतो जाणून घेण्याच्या आळसाने. बेड्यांतल्या माणसांनी बांधलेल्या रस्त्यावरून चालणे पाप नव्हे. तो कोणी बांधला हे विचारावयाचेच नाही असे ठरवून चालणे, हा दोष आहे. आणि या दोषास समुद्र ओलांडण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, शिरपूर करीत सेंधव्याचा घाट आपण कितीदा ओलांडतो! खिडकीबाहेर दिसणाऱ्या त्या डोंगरांत १८५८ साली काय घडले, हे गाडीतील किती जणांस ठाऊक असते?

तेव्हा सावकाश, डोळस आणि विचारपूस करीत हिंडणारा निर्दोष ठरला, असे म्हणून लेख येथेच आटोपता आला असता. परंतु त्याच बेटावर या निष्कर्षास छेद देणारी एक गोष्ट आहे. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेस जाणारा मोठा रस्ता जारवा नावाच्या आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. या लोकांच्या रक्षणाकरिता १९५६ पासून कायदा आहे; २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने रस्त्याचा तो भाग बंद करण्याचा आदेश दिला; तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ साली, खाण्याच्या वस्तूंच्या आमिषाने जारवा स्त्रियांना प्रवाशांपुढे नाचविल्याचे चित्रण जगासमोर आले आणि देशभर संताप उसळला. या बेटांच्या मूळ रहिवाशांना बाहेरच्यांचा सहवास काय पडला, हे ग्रेट अंदमानी लोकांच्या इतिहासावरून कळते : वसाहत झाली तेव्हा ते काही हजार होते, रोगराईने आणि व्यसनांनी ते आज पन्नास-साठांच्या घरात उरले आहेत. येथे ‘आम्ही सावकाश पाहू, आदराने पाहू, जाणून घेण्याकरिता पाहू’ ही सबब चालत नाही. उलट, जितके सावकाश पाहाल तितके अधिक वाईट. कोठडी पाहिल्याने कोठडीस काही होत नाही. माणूस पाहिल्याने माणसास होते, आणि पाहू द्यावयाचे की नाही हे ठरविण्याची सत्ता त्याच्या हाती नसेल तर फारच होते. त्या रस्त्याने पुढे चुनखडीच्या गुहा आहेत आणि त्या प्रेक्षणीय आहेत असे सर्व सांगतात; आम्ही त्या रस्त्याने गेलो नाही. जिज्ञासा हा सद्‍गुण खरा, परंतु तिलाही कोठे थांबावयाचे ते कळले पाहिजे.

म्हणून आम्हांस असे वाटते, की एकट्याच्या फुरसतीच्या प्रवासाची नैतिक कसोटी ‘कशाला?’ ही नव्हे आणि ‘बरोबर कोण?’ हीही नव्हे. ज्या गावी आपण जातो तेथे आपण पाहुणे म्हणून राहतो की गिऱ्हाईक म्हणून, ही खरी कसोटी होय. गिऱ्हाईक पैसे टाकून वस्तू उचलतो आणि हिशेब मिटला असे मानतो. पाहुण्यास घरच्यांची चौकशी करावी लागते, त्यांच्या सुखदुःखाचे चार शब्द ऐकावे लागतात, आणि एखादी खोली बंद असेल तर तिचे दार ढकलावयाचे नसते, हे समजावे लागते. एकट्याने गेलेल्या माणसास पाहुणा होणे अधिक सुलभ असते. चार जणांचा मेळा आपले गाव, आपल्या गप्पा, आपला चिवडा बरोबर घेऊन जातो आणि बेटावरही जळगावातच राहतो. एकट्यास मात्र बोलावयाचे तर तेथल्याच माणसांशी बोलावे लागते. अर्थात यात एक धोकाही आहे. बरोबर कोणी नसल्यामुळे आपल्या मतास खोडून काढणारेही कोणी नसते, आणि आठ दिवसांत आपणास सर्व समजले असा भ्रम सहज होतो. त्यावर उपाय एकच, की परत आल्यावर घरच्यांस आणि स्नेह्यांस सर्व सांगावे आणि त्यांचे आक्षेप ऐकावे. या अर्थाने ‘बरोबर कोण?’ हा वडिलांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. त्याचे उत्तर प्रवासानंतर द्यावयाचे असते, इतकेच.

एक गोष्ट मात्र मनास बोचत राहते, आणि ती लपवून ठेवणे योग्य होणार नाही. धुळे-नंदुरबारकडील कितीतरी आदिवासी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीकरिता गुजराथेत जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. आमच्यापेक्षा ती अधिक प्रवास करतात. परंतु त्या प्रवासात फुरसत नाही, आणि निवडही फारशी नाही. भीमा नायकाच्याच जातभाईंची ही कुटुंबे. आमच्या आठ दिवसांच्या स्वस्थतेने त्यांचे काही हिरावून घेतले असे नव्हे. तथापि स्वेच्छेने घर सोडणे ही चैन एका वर्गास आणि पोटाकरिता घर सोडणे हा नेम दुसऱ्यास, ही वाटणी न्याय्य आहे असे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही. यावर उपाय आम्ही घरी बसणे हा नव्हे. आपणास जे सुख इतके हितकारक वाटते ते त्यांसही मिळावे, वर्षातून आठ दिवस त्यांनाही काही न करता कोठे तरी बसता यावे, असे मनापासून वाटू लागणे आणि मजुरी, रजा, शाळा यांचे प्रश्न निघतील तेव्हा त्या वाटण्यास अनुसरून वागणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज कॉलेजात जाणारी किंवा नुकती नोकरीस लागलेली मुले आहेत. त्यांपैकी कोणी एकट्याने कोठे जाऊन येतो म्हणाला, तर त्यास अडवू नये. आणि म्हणाली, तर तिलाही अडवू नये. एकांताचा हक्क आजवर आपण पुरुषाला संन्यासाच्या नावाखाली दिला, बाईला मात्र घरातली एक खोलीही दिली नाही. तिच्या सुरक्षिततेची काळजी जरूर करावी, पण काळजी आणि मज्जाव यांतला भेद विसरू नये. निघण्यापूर्वी त्या गावी पूर्वी काय घडले ते वाचून जा, असे तिला सांगावे. तेथे गेल्यावर घाई करू नकोस, आणि जेथे जाऊ नये तेथे सर्व जग गेले तरी जाऊ नकोस, हेही सांगावे. परत आल्यावर मात्र ‘काय काय पाहिलेस?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोण कोण भेटले, आणि त्यांनी तुला काय विचारले?’ हे विचारावे.